मदत हवी आहे : सासूबाईंची ‘पो नाशोमू’ भाषा मुलीला नेमकी कुठे शिकता येईल?

नमस्कार.

आम्ही गेली बावीस वर्षे पिट्सबर्गला राहतो. माझे यजमान मूळचे इथलेच असून त्यांच्या आईकडची सगळी मंडळी पूर्व युरोपातल्या कार्पेथियन डोंगरातून आलेली रुसिन, म्हणजे तिथल्या एका स्लाव्ह समाजातली, आहेत. आमच्या एकोणीस वर्षांच्या मुलीने येत्या जूनमध्ये आजीची भाषा शिकायला युरोपात जायचे ठरवले आहे. मात्र ती भाषा नेमकी कोणती आणि ती कोणत्या गावी शिकवतात, इथेच आमचे घोडे अडले आहे. पूर्व युरोपात राहिलेले आणि तिकडच्या भाषांचा अभ्यास केलेले काही सभासद इथे आहेत, म्हणून हा धागा काढते आहे.

सासूबाईंचा जन्म १९४४ सालचा. त्या ज्या वस्तीत वाढल्या तिला जुनी माणसे ‘रुस्का दोलिना’, म्हणजे रुसिनांची दरी, म्हणतात. चित्रकार अँडी वॉरहोल लहानपणी ज्या चर्चमध्ये जात असे ते याच वस्तीत आहे, आणि त्याचे आईवडीलही आजच्या स्लोव्हाकियातल्या मिकोवा या रुसिन खेड्यातून आलेले होते. सासूबाईंना त्यांच्या आजीने वाढवले. ही आजी १९१२ साली आली, मुलगा पोलादाच्या कारखान्यात लागला, आणि शेवटपर्यंत तिने इंग्रजी शिकण्याचे मनावर घेतले नाही. रुसिनमध्ये आजीला ‘बाबा’ म्हणतात. त्यामुळे आमच्या घरात मुलगी लहान असताना ‘बाबा कुठे आहे?’ या प्रश्नाला मी नवऱ्याकडे आणि सासूबाई भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवत असू.

तुम्ही कोणती भाषा बोलता असे विचारले की सासूबाई ‘पो नाशोमू’ एवढेच सांगतात, म्हणजे ‘आपल्या पद्धतीने’. तुम्ही कोण, तर ‘रुस्नाक’. रशियन म्हटले तर त्यांना राग येतो, युक्रेनियन म्हटले तर त्या गप्प बसतात, आणि स्लोव्हाक म्हटले तर ‘ते शेजारचे’ असे उत्तर मिळते. ईस्टरच्या आदल्या दिवशी चर्चमध्ये आशीर्वादासाठी जी टोपली नेतात तिच्यात पास्का नावाचा पाव, बीट घातलेला तिखटजाळ हॉर्सरॅडिश आणि मेणाने नक्षी काढून रंगवलेली अंडी यांबरोबर अंड्याचे एक ‘चीज’ असते. बारा अंडी आणि लिटरभर दूध मंद आचेवर ढवळत राहायचे, फुटून गोळा झाला की फडक्यात बांधून नळाला टांगायचे, आपण श्रीखंडासाठी दही टांगतो अगदी तसे. सासूबाई त्याला ‘सिरेक’ म्हणतात, तर शेजारच्या स्लोव्हाक बाई ‘ह्रुद्का’. या दोन शब्दांवरून त्या दोघींचा दरवर्षी वाद होतो. वादाला मी आता सरावले आहे, पण भाषेचा माग काढायला असे शब्द उपयोगी पडतील का, हे मला कळत नाही.

मागच्या वर्षी आमची एक फसगत झाली. ‘कार्पेथियन वारशाची भाषा’ शिकवू असे सांगणारी एक ऑनलाइन शिकवणी आम्ही पैसे भरून लावली. तीन महिन्यांनी मुलीने आजीसमोर दोन परिच्छेद वाचून दाखवले, तेव्हा त्या म्हणाल्या, “छान बोलतेस, पण हे आपले नव्हे.” चौकशी केल्यावर शिकवली जात होती ती प्रमाण युक्रेनियन होती असे निघाले. युक्रेनियन भाषेबद्दल माझी काहीच तक्रार नाही, परंतु मुलीला शिकायचे होते ते वेगळे.

त्यानंतर मी स्वतः वाचायला सुरुवात केली तर गोंधळ आणखी वाढला. रुसिन भाषेचे एकच प्रमाण रूप नाही. स्लोव्हाकियातील रूप २७ जानेवारी १९९५ रोजी ब्रातिस्लाव्हा येथे अधिकृतपणे जाहीर झाले, पोलंडमधले रुसिन स्वतःला लेमको म्हणवतात आणि त्यांचे लेखन वेगळे आहे, युक्रेनच्या ट्रान्सकार्पेथिया प्रांतात तिसरीच तऱ्हा आहे, आणि सर्बियाच्या व्होयव्होदिना प्रांतात तर रुसिनला अधिकृत भाषेचा दर्जा आहे. प्रेशोव (स्लोव्हाकिया) आणि नोवी साद (सर्बिया) या दोन्ही विद्यापीठांत रुसिनचा अभ्यास होतो, एवढे समजले. पण यांपैकी आमच्या आजीची भाषा कोणती?

आमच्याकडे पुरावे म्हणावेत असे दोनच कागद आहेत. एक म्हणजे रोमन लिपीत छापलेले जुने प्रार्थनापुस्तक. दुसरा म्हणजे आजेसासूबाईंच्या आईने बरोबर आणलेली बाप्तिस्म्याच्या दाखल्याची नक्कल. तिच्यावर ‘झेम्प्लेन’ हा जिल्हा स्पष्ट वाचता येतो, गावाच्या नावातले मात्र फक्त ‘लाबोर्त्स’ इतकेच दिसते आणि पुढची अक्षरे घडीवर झिजून गेली आहेत. जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा. एकही स्लाव्ह भाषा धड न येणाऱ्या मुलीला तीन आठवड्यांच्या वर्गाचा खरोखर उपयोग होतो का, तेही सांगावे. शिवाय मला तिच्याबरोबर जायचे आहे आणि माझे पारपत्र भारतीय आहे.

प्रतिसाद १

ताई, नमस्कार. मी नोकरीनिमित्त चार वर्षे स्लोव्हाकियातल्या कोशित्से येथे होतो, आणि तिथून प्रेशोव अवघे पस्तीस किलोमीटर. भाषाशास्त्र हा माझा हौसेचा विषय असल्याने थोडे विस्ताराने लिहितो.

प्रार्थनापुस्तक बाजूला ठेवा, कारण त्यातली भाषा बहुधा चर्च स्लाव्होनिक असणार. ती पूजेची भाषा आहे, घरात बोलायची नव्हे. संस्कृत स्तोत्रांवरून आजी घरात मराठी बोलत होती की कोकणी हे ठरवण्यासारखेच ते होईल. रोमन लिपीवरूनही काही निष्कर्ष काढू नका. अमेरिकेत स्थलांतरितांच्या मुलांना सिरिलिक वाचता येईना, तेव्हा तिथल्या रुसिन वृत्तपत्रांनीसुद्धा रोमन लिपी वापरली होती.

खरा पुरावा सासूबाईंच्या तोंडी आहे. त्यांना डोके, गाय आणि दूध यांना काय म्हणतात ते विचारा. ‘होलोवा, कोरोवा, मोलोको’ असे उत्तर आले तर भाषा कार्पेथियन डोंगरातली आहे. ‘ह्लावा, क्रावा, म्लेको’ अशा वळणाचे आले तर ती व्होयव्होदिनाची रुसिन किंवा पूर्व स्लोव्हाक बोली समजावी. त्यानंतर आघात कुठे पडतो ते कान देऊन ऐका. लेमको बोलीत पोलिशप्रमाणे आघात नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो, म्हणून ‘होलोवा’मधल्या ‘लो’वर जोर येतो, पूर्वेकडे तो जागा बदलतो आणि याच शब्दात शेवटच्या ‘वा’वर जातो. बटाट्याचा शब्दही विचारून ठेवा. ‘क्रुम्पली’ म्हणाल्या तर तो हंगेरियनमधून आलेला आणि ट्रान्सकार्पेथियातल्या उझहोरोद-मुकाचेवोच्या बाजूला फार प्रचलित आहे. प्रेशोवच्या उत्तरेकडे मी ‘बांदुर्की’ ऐकला आहे.

दाखल्यावरचे ‘झेम्प्लेन’ हे तर मोठेच साधन आहे. हा हंगेरीच्या राज्यातला जिल्हा होता, त्यामुळे गॅलिशियातून, म्हणजे आजच्या पोलंडच्या बाजूने, आलेल्या लेमकोंची शक्यता जवळजवळ मिटते. त्या काळात हंगेरियन सरकारने खेड्यांची नावेही बदलून टाकली होती. मेद्झिलाबोर्त्से या गावाला हंगेरियनमध्ये ‘मेझ्योलाबोर्त्स’ म्हणत. ‘लाबोर्त्स’ हा लाबोरेत्स नदीच्या नावाचा हंगेरियन अवतार आहे. तेव्हा तुमचे गाव त्या नदीच्या खोऱ्यात कुठेतरी असावे आणि तसे असल्यास प्रेशोवलाच जावे, असे माझे मत आहे.

प्रेशोव विद्यापीठात रुसिन भाषा आणि संस्कृतीची स्वतंत्र संस्था आहे. तिच्यातर्फे २०१० पासून ‘स्तुदियुम कार्पातो-रुथेनोरुम’ हा तीन आठवड्यांचा उन्हाळी वर्ग जूनमध्ये भरतो. नवशिक्यांसाठी वेगळी तुकडी असते, इतिहासाची व्याख्याने इंग्रजीतही होतात, आणि लाकडी चर्चेस पाहायला सहली नेतात. बोद्रुजाल, लादोमिरोवा आणि रुस्का बिस्त्रा येथील चर्चेस २००८ साली जागतिक वारसा यादीत गेली. खिळ्यांशिवाय सांधलेल्या ओंडक्यांवरची ती शिंगल्सची छपरे छायाचित्रात दिसतात त्याहून बरीच बुटकी आणि काळी आहेत. तीन आठवड्यांत भाषा येत नाही, हे स्पष्टच सांगतो. लिपी येते, शंभर-दोनशे वाक्ये तोंडात बसतात, आणि पुढे काय वाचायचे ते कळते. जाण्यापूर्वी मुलीने सिरिलिक अक्षरे घरीच घोटून घ्यावीत. त्यात ‘ы’ हे अक्षर आपल्या घशाला नवे आहे, त्याचा उच्चार आजीकडूनच शिकावा.

एक पूर्वसूचना देतो, नाहीतर मुलगी निराश होईल. प्रेशोव शहरात रस्त्यावर स्लोव्हाकच ऐकू येते. १९५० च्या दशकात रुसिनांना सरकारने युक्रेनियन ठरवून शाळांत युक्रेनियन आणली, तेव्हा अनेक पालकांनी मुलांना सरळ स्लोव्हाक शाळांत घातले आणि एक अख्खी पिढी घरच्या भाषेपासून तुटली. २०११ च्या जनगणनेत ५५,४६९ लोकांनी रुसिन ही मातृभाषा नोंदवली, पण स्वतःचे राष्ट्रीयत्व रुसिन लिहिणारे ३३,४८२ च होते. भाषा कानावर पडायला हवी असेल तर शनिवार-रविवारी मेद्झिलाबोर्त्से किंवा स्विदनीकच्या बाजूची खेडी गाठावी लागतील. शहरात दुख्नोविच नाट्यगृहात रुसिन नाटके होतात, तीही चुकवू नयेत.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. मी नोवी सादला दीड वर्ष होते, म्हणून दुसरी बाजू सांगते. तिथले रुसिन अठराव्या शतकाच्या मध्यास कार्पेथियन सोडून रुस्की क्र्स्तूर आणि कुत्सुरा या गावी येऊन वसले. त्यांचे व्याकरण १९२३ सालीच छापले गेले, म्हणजे प्रेशोवच्या कितीतरी आधी. रुस्की क्र्स्तूरला आजही रुसिन माध्यमाची शाळा आहे आणि किराणा दुकानातला व्यवहार रुसिनमध्ये चालतो. रोजच्या वापरातली भाषा पाहायची असेल तर हे गाव फार सुंदर आहे. पण ताईंच्या सासूबाईंनी ‘कोरोवा’ म्हटले, तर इथे शिकून मुलगी पुन्हा आजीसमोर “हे आपले नव्हे” हेच ऐकेल.

प्रतिसाद ३

व्हिसाबद्दल फक्त. स्लोव्हाकिया शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांत, असल्याने अमेरिकन पारपत्रावर मुलीला ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागणार नाही, आपल्याला मात्र लागेल. मुख्य मुक्काम ज्या देशात, त्याच देशाच्या वकिलातीकडे अर्ज करायचा असतो आणि तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. जूनमध्ये गर्दी असते, उशीर करू नये.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणानंतर परीक्षा घेतली. सासूबाई आधी संशयाने म्हणाल्या, की गाईला काय म्हणतात हे भारतातल्या सुनेला एकाएकी कशाला हवे आहे. मग ‘कोरोवा’ आले, ‘मोलोको’ आले, आणि ‘होलोवा’ म्हणताना जोर स्वच्छ शेवटच्या ‘वा’वर पडला, मुलीने तिन्ही शब्द फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवले आहेत. बटाट्याला ‘बांदुर्की’. प्रेशोव नक्की झाले, अर्ज या आठवड्यात भरतो आहोत.

दाखला भिंगाखाली पुन्हा पाहिला. ‘लाबोर्त्स’नंतर एक उभी रेघ असलेले अक्षर आहे, ते ‘एफ’ किंवा ‘बी’ असू शकेल, पुढे काहीच उरलेले नाही. लाबोरेत्सच्या खोऱ्यातल्या कोणत्या खेड्यांची जुनी हंगेरियन नावे या अक्षरांनी चालू होतात, आणि तिथल्या ग्रीक कॅथलिक चर्चची बाप्तिस्म्याची दप्तरे आता कोणत्या गावी ठेवलेली आहेत, हे कोणी सांगू शकेल का? जूनमध्ये एखादा दिवस हाताशी ठेवून तिथे जाऊन यायचा विचार आहे, आणि सासूबाईंनीही कालपासून पारपत्र शोधायला काढले आहे.