मदत हवी आहे : ओरिओचं 1912 सालचं चित्र कुठे मिळेल?

मंडळी, आमच्या वाचनालयात मुलांसाठी खाऊच्या इतिहासाचं छोटं प्रदर्शन करतोय. त्यातला एक फलक ओरिओ बिस्किटावर आहे.

मजकूर तयार आहे. नॅशनल बिस्किट कंपनीने 1912 साली न्यूयॉर्कच्या चेल्सी भागातल्या कारखान्यात ते सुरू केलं. पण तसंच काळं, मध्ये पांढरं क्रीम असलेलं हायड्रॉक्स हे बिस्किट लूज-वाइल्स कंपनीने 1908 पासूनच विकायला काढलं होतं. म्हणजे मूळ हायड्रॉक्स, आणि लोक मात्र त्यालाच नक्कल समजत आले! हे मुलांना कळायलाच हवं, म्हणून दोन्ही बिस्किटं शेजारी शेजारी दाखवायची आहेत.

अडचण चित्रांची. ओरिओवरची आजची नक्षी 1952 ची, विल्यम टर्नियर यांच्या नावावर असलेली, ती नकोय. मला 1912 ची, कडेने पानांची वेल असलेली हवी. नेटवर इंग्रजीत बरंच शोधलं. एकतर आत्ताचे फोटो येतात, नाहीतर 1950 नंतरच्या जाहिराती, आणि जुनं म्हणून जे दिसतं त्यावर साल नसतं. ए-थ्री आकारात छापायचंय, त्यामुळे पुसट चित्र चालणार नाही. विकत घ्यायला पैसे नाहीत, म्हणून 1930 च्या आधी अमेरिकेत छापलेली, हक्कमुक्त झालेली जाहिरातच पाहतोय. फलक पंधरा दिवसांत छपाईला जाईल.

अमेरिकेतली जुनी वर्तमानपत्रं किंवा मासिकं फुकट चाळता येतील असा कुठला संग्रह कुणी वापरलाय का, आणि त्यात या दोन बिस्किटांच्या जाहिराती कोणत्या शब्दांनी शोधाव्यात?