आईच्या मऊ जेवणासाठी भारीतला ब्लेंडर घ्यायचाय, मिक्सरने धागे राहतात

गोदाकाठची

नमस्कार मंडळी,

आईसाठी ब्लेंडर घ्यायचाय, चाळीस-पंचेचाळीस हजारांपर्यंतचा. ओट्यावरच्या एका यंत्रावर एवढे पैसे आमच्या घरात आजवर कुणी घातलेले नाहीत, म्हणून आधी इथे विचारते.

आई ६८ वर्षांची. फेब्रुवारीत तिच्या जबड्याचं ऑपरेशन झालं, मग रेडिएशन. आता तिला चावता येत नाही आणि तोंडाला सारखी कोरड पडते. गिळण्याचे व्यायाम करून घेणाऱ्या थेरपिस्टने बजावलंय की जे द्याल ते एकजीव हवं. गाठ नको, धागा नको, साल नको.

माझा ७५० वॅटचा मिक्सर सात वर्षं झाली तरी ठणठणीत आहे. चटणी, वाटण, इडलीचं पीठ, कशालाच नाही म्हणत नाही. पण शिजवलेला पालक फिरवला की पात्याखाली हिरवे दोरे गुंडाळलेले निघतात. टोमॅटोच्या सालीच्या बारीक सुरळ्या होऊन वर तरंगतात. दोडक्याच्या शिरा आणि मटारची टरफलं तर विचारूच नका. मग ते सगळं मी बारीक गाळणीवर ओतून डावाच्या पाठीने घासत बसते. सकाळी पाऊण तास, संध्याकाळी पाऊण तास. एवढं करून गाळणीत मूठभर चोथा उरतो. आईचं वजन नऊ किलोने उतरलंय, तिच्या वाटणीचं काहीही टाकताना माझा हात अडतो.

गेल्या आठवड्यात गाळूनही एक धागा राहिलाच. घशात अडकला. आई इतकी खोकली की डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी तिची पाठ धरून उभी, आणि मला काही सुचेना. तेव्हापासून तिने हिरवं काही खाणंच सोडलंय. म्हणते, "मला नुसती पेज दे, बाई."

दुकानात जाऊन आले. तिथल्या मुलाने दूध, केळं आणि बर्फ घालून दाखवलं. ते माझा मिक्सरही करतो. शिजवलेली गवार फिरवून दाखवाल का विचारलं, तर तशी सोय नाही म्हणाला.

माझी मुख्य अडचण अशी की आई एका वेळी जेमतेम एक वाटी खाते. दोन लिटरच्या भांड्यात एक वाटी भाजी फिरेल का? मावसभाऊ दिवाळीत अमेरिकेहून येतोय, तिकडून घेऊन येतो म्हणतो. आणू दे का? आणि दहा हजारांच्या आतल्या ब्लेंडरवरसुद्धा दोन हजार वॅट लिहिलेलं दिसतं, मग महागाचा घेऊन नक्की काय जास्त मिळतं?

---

एडिसनवासी

ताई, आईंना लवकर बरं वाटू दे.

मावसभावाला आणू देऊ नका. मी न्यू जर्सीत राहतो, माझ्याकडे व्हायटामिक्स ५२०० हा ब्लेंडर नऊ वर्षं आहे. इकडची यंत्रं १२० व्होल्टची. तुमच्या २३० व्होल्टच्या प्लगला लावलं की मोटर गेलीच समजा. व्होल्ट उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालतं, पण हे यंत्र ११.५ अँपिअर ओढतं, म्हणजे जवळजवळ १४०० वॅट. त्याला निदान दोन किलोवॅटचं धूड लागेल आणि ते रोज दोनदा ओट्यावरून हलवणार कोण? भारतातच घ्या आणि तळाच्या पट्टीवर २२०-२४० व्होल्ट छापलंय ना, ते उलटं करून वाचा.

आता भांड्याचं. तुमचा प्रश्न अगदी नेमका आहे. ६४ औंसाचं, म्हणजे १.९ लिटरचं भांडं दोन घडणींत येतं, एक उंच आणि बुडाशी निमुळतं, दुसरं बुटकं आणि पसरट. पसरटात वाटीभर भाजी घातली की पातं ती भिंतीवर भिरकावतं, मधे हवेचा पोकळ खिसा तयार होतो आणि पातं नुसतंच घोंघावत राहतं. निमुळत्या बुडात तीच भाजी घसरून परत पात्यावर येते. म्हणून तुम्ही निमुळतं बघा, नाहीतर लहान भांडं वेगळं मिळणारं मॉडेल बघा. सोबत दट्ट्या येतो, झाकणाच्या भोकातून तो घालून भाजी खाली दाबायची. तो त्याच यंत्राचा असेल तर पात्याला लागत नाही. त्याच्याऐवजी लाकडी चमचा चुकूनही घालू नका.

तरीही एक वाटी कमीच पडते. मी दोन-अडीच वाट्यांच्या खाली करत नाही. उंच भांडं यंत्रावर बसवलं की वीस इंचांच्या वर जातं, तेव्हा ओट्यावरच्या कपाटाखाली किती जागा आहे ते आधी मोजा.

मिक्सर मात्र काढू नका. अर्धी वाटी ओल्या खोबऱ्याची चटणी मी अजूनही इथल्या देशी दुकानातून घेतलेल्या मिक्सरमध्येच करतो. या मोठ्या भांड्यात ती नुसती काठाला चिकटते. गरम मसालाही यात नको. प्लास्टिक ओरखडून धुरकट होतं आणि लवंगेचा वास काही केल्या जात नाही.

---

चिंचवडचे काका

मी तीस वर्षं मोटर वाइंडिंगचं काम केलं. वॅटच्या आकड्याबद्दल सांगतो.

खोक्यावर मोठ्या अक्षरात छापतात तो बहुतेक वेळा 'पीक' असतो, म्हणजे क्षणभराचा कमाल जोर. अमेरिकन खोक्यांवर ३ हॉर्सपॉवर लिहिलेलं असतं. १ हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, तेव्हा ३ म्हणजे २२३८. तिकडचा साधा प्लग १५ अँपिअरचा, १२० व्होल्टला तो द्यायचाच मुळी १८०० वॅट. मग तो ३ हॉर्सपॉवर सलग येणार कुठून? तळाच्या पट्टीवर 'रेटेड', म्हणजे नेहमीच्या चालण्याचे वॅट आणि सलग किती मिनिटं चालवायचं ते असतं, तेवढंच खरं धरा. स्वस्त यंत्रावर बऱ्याचदा मिनिटभर चालवा आणि थांबवा असं लिहिलेलं सापडेल. दाट भाजी दोन-तीन मिनिटं सलग फिरवायची म्हटल्यावर ते गरम होणार. महागाच्या यंत्रात पैसे जातात ते जाड तांब्याला, पंख्याने मोटर थंड ठेवण्याला आणि भांडं नि मोटर जोडणाऱ्या कपलरला. धातूचा कपलर असेल तर मी डोळे मिटून तो घेईन.

दुसरं, आपला मिक्सर वाईट म्हणून धागे राहतात असं नाही, तो वेगळ्या कामासाठी जन्मला. सुमीत मिक्सरचे सत्यप्रकाश माथुर सीमेन्समधले इंजिनिअर. घरातलं जर्मन यंत्र आपल्या वाटणाला टिकलं नाही, म्हणून १९६०च्या दशकात त्यांनी नवीन घडवलं. कोरडी मिरची, भिजलेली डाळ, खोबरं यांच्यासाठी. ब्लेंडरचं भांडं पातळ पदार्थाचा भोवरा करायला घडवलेलं असतं. धागा तुटायला तो पात्यासमोर पुन्हापुन्हा यावा लागतो, भोवरा तेच करतो. त्यामुळे भाजी बुडेल इतकं तिचं शिजवलेलं पाणी घालाच. कोरड्यात भोवरा होत नाही.

आणि पोरी, १४०० वॅट २३० व्होल्टला ६ अँपिअरच्या थोडं वर जातात. स्वयंपाकघरातला लहान प्लग ६ अँपिअरचाच असतो. फ्रिजला असतो तसा १६ अँपिअरचा दे. अडॅप्टर लावून लहान प्लगात खुपसू नकोस.

---

कृष्णामाई

यंत्राचं बाकीच्यांनी सांगितलंय, मी जेवणाचं सांगते. अर्धांगवायूनंतर बाबांना दोन वर्षं असंच भरवलं.

थेरपिस्टना विचार, आईंना कितवी पातळी सांगितली आहे. गिळायला त्रास असणाऱ्यांच्या अन्नासाठी ० ते ७ अशा पातळ्या ठरलेल्या आहेत, आयडीडीएसआय म्हणतात त्यांना. एकजीव प्युरे म्हणजे चौथी. घरच्या घरी बघायचं तर चमच्यात घेऊन चमचा तिरका करायचा. सगळं एकदम 'थप' करून पडलं आणि चमच्याला फारसं चिकटून राहिलं नाही तर बरोबर. ओघळलं तर पातळ झालं, चिकटून बसलं तर धोक्याचं.

आणि इथेच मी फसले होते. एवढ्या वेगात भात किंवा बटाटा फिरवला की त्याची खळ होते. पतंगाला लावतो तशी. बाबांच्या टाळूला ती चिकटली होती, बोटाने काढावी लागली. म्हणून वरण-भाजी आधी पूर्ण फिरव, भात सगळ्यात शेवटी, गरम पाणी आणि चमचाभर तूप घालून, हळू वेगावर काही सेकंदच. थांबून बघ, मग पुढे.

गरम पदार्थ असेल तर भांडं अर्ध्याच्या वर भरू नकोस, झाकणाची मधली बूच सैल ठेव, वर फडकं धर आणि सगळ्यात हळू वेगावर सुरू कर. वाफेने झाकण उडतं. लहान कपात, ज्याला वाफ जायला वाटच नसते, त्यात गरम काही नकोच.

---

मिसळप्रेमी_नाशिक

ताई, कॉलेज रोडला राहतो, बायकोकडे निमुळत्या भांड्याचा ब्लेंडर आहे. रविवारी सकाळी या. गवार तुमच्या घरची शिजवून आणा आणि तुमची ती गाळणीही आणा.

---

गोदाकाठची

उशीर झाला, क्षमस्व. सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं 'पोरी' वाचून फार बरं वाटलं.

रविवारी मिसळप्रेमींकडे जाऊन आले. दोन डबे नेले होते, एकात टोमॅटो घालून शिजवलेला पालक, दुसऱ्यात कुकरला मऊ केलेली गवार. वहिनींनी पालक अडीच वाट्या घातला, हळू सुरू करून वेग वाढवत नेला. आवाज असा की आम्ही दोघी खुणांनी बोलत होतो. अडीच मिनिटांनी भांडं थांबलं. मी माझी गाळणी पातेल्यावर धरली आणि ओतलं. डाव लागलाच नाही. सगळं आपल्याआप खाली गेलं आणि जाळीवर नुसता हिरवा ओलसर थर राहिला. तो मी बोटावर घेऊन अंगठ्याने चोळून बघितला. दोरा नाही, साल नाही. मी दोनदा चोळून बघितला.

गवारीला मात्र नाही जमलं. बऱ्याच बारीक झाल्या, पण जाळीवर पांढरट कुसं राहिली, नखाएवढी. तेव्हा हे यंत्र सगळंच करेल असं समजू नये. गाळणी माझ्या हातातून सुटली नाही, पण पाऊण तासाची पाच मिनिटं झाली.

उंच निमुळत्या भांड्याचा, २२०-२४० व्होल्टचा घेतला. ठरवलेल्या रकमेच्या थोडं वर गेलं, भावाने निम्मे घातले. १६ अँपिअरचा प्लग फ्रिजपाशी होता, तिथेच छोटं टेबल टाकलं. सकाळी दोन वेळचं एकदम करते, अर्धं लगेच फ्रिजमध्ये. फिरवल्यावर खूप फेस येतो, तो बसायला दहा मिनिटं झाकून ठेवते, नाहीतर चमच्यातलं हलकं-हलकं लागतं असं आई म्हणते. भाताचं कृष्णामाईंनी सांगितलं तसंच करते, थेरपिस्टनी चमचा तिरका करून बघितला आणि चालेल म्हणाल्या.

पहिल्या दिवशी आईने पालकाच्या वाटीकडे बघितलं आणि मान फिरवली. मी तिच्यासमोर गाळणी धरून ओतून दाखवलं. मग तिने चमचा स्वतःच्या हातात घेतला. अर्धी वाटी खाल्ली, सावकाश, वीस मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी पाऊण.

आता तिला शेवग्याच्या शेंगांची आमटी हवी आहे. शेंगा उकडून गर चमच्याने खरवडून काढायचा आणि तेवढाच फिरवायचा असं मनात आहे. पण त्या गरातही बारीक रेषा असतात. कृष्णामाई, तुम्ही बाबांना कधी दिली होती का?