बॅलन्स करताना ऐकायचं कोणाचं, वरच्या रँकचं की बहुसंख्यांचं?

मधली_लेन
आमचा पाच विरुद्ध पाचचा ऑनलाइन शूटर, १४ कॅरेक्टर, बॅलन्स (कॅरेक्टरांच्या ताकदीचा समतोल) बघणारा माणूस एकच. सध्या वाद एका शॉटगनवाल्या कॅरेक्टरवरून पेटलाय. खालच्या रँकवाले म्हणतात, तिच्यापुढे खेळताच येत नाही, नर्फ करा, म्हणजे ताकद कमी करा. वरच्या रँकवाले म्हणतात, तिला आमच्यात कोणी घेतच नाही, बफ करा, म्हणजे ताकद वाढवा. डिस्कॉर्ड चॅटवर आवाज वरच्यांचा, संख्या खालच्यांची. तिचा एकूण विन रेट ५१.५ टक्के. पिक रेट ४०, म्हणजे दहातल्या चार टीममध्ये ती असते. आकड्यांत तर फारसं काही बिघडलेलं दिसत नाही. मग ऐकायचं कोणाचं?

आकडेमोड
आधी त्या ५१.५ चं बघू. ४० टक्के पिक रेट म्हणजे ती ज्या टीममध्ये आहे, तिच्या समोरही साधारण ४० टक्के मॅचमध्ये तीच असते. अशा मॅचमध्ये एक जिंकते, एक हरते, म्हणून तिथला विन रेट कायम ५० टक्के. मांडणी करा: ०.६ × क्ष + ०.४ × ५० = ५१.५. क्ष येतो ५२.५. कॅरेक्टर जितकं लोकप्रिय, तितकी त्याची खोट जास्त झाकली जाते. दोन्हीकडे तीच असलेल्या मॅच हिशेबातून काढूनच टाका.

मॅचमेकिंगही (तोडीस तोड विरोधक जुळवणंही) सत्य लपवतं. फक्त तीच खेळणारा तिच्या जोरावर रँक चढतो, तिथे तगडे विरोधक भेटतात आणि गडी परत ५० टक्क्यांवर. म्हणून एकापेक्षा जास्त कॅरेक्टर खेळणारे निवडा. प्रत्येक मॅचआधीच्या रेटिंगवरून अपेक्षित निकाल काढा (एलो या रेटिंग पद्धतीत १०० गुणांची आघाडी म्हणजे जिंकण्याची शक्यता ६४ टक्के) आणि तोच खेळाडू ती घेऊन अपेक्षेपेक्षा किती वर जातो, इतर कॅरेक्टर घेऊन किती, ते शेजारीशेजारी ठेवा. हे सगळं प्रत्येक रँकचं वेगळं. एकत्र सरासरीत वरचे आणि खालचे एकमेकांना खोडून टाकतात.

पॅचवाचक
दोन्ही गट एकाच वेळी बरोबर असू शकतात, आणि तुमच्याकडे तसंच दिसतंय. लीग ऑफ लेजेंड्स या गेमसाठी तो बनवणाऱ्या रायटने २०१९ मध्ये आपली बॅलन्सची चौकट जाहीर केली. त्यात खेळाडूंचे चार थर केले: सर्वसाधारण, कुशल, अतिउच्च रँक आणि प्रो (व्यावसायिक). चारपैकी कुठल्याही एका थरात चॅम्पियन (तिथलं कॅरेक्टर) डोईजड झाला तर नर्फ; पण दुबळा ठरवायचा तर चारही थरांत दुबळा हवा. अझीर, कलिस्टासारखे चॅम्पियन साध्या मॅचमध्ये हरताना दिसतात, प्रोंच्या हातात धुमाकूळ घालतात. तुमची शॉटगनवाली बरोबर उलट्या टोकाची.

कधीकधी मूळ दुखणं एखाद्या आकड्यात नसतंच. ओव्हरवॉच या शूटरमध्ये तीन टँक (मार झेलणारे), तीन सपोर्ट (साथीदारांना सावरणारे) ही ‘गोट्स’ रचना प्रो स्पर्धांवर राज्य करत होती. त्यातल्या ब्रिगिट या सपोर्टला कितीदा कापलं, तरी रचना हलली नाही. २०१९ मध्ये दोन टँक, दोन सपोर्ट, दोन हल्लेखोर अशी सक्ती करणारं रोल लॉक आलं तेव्हा ती संपली.

रिलोड_आधी
खालच्यांचं ऐकून सरळ डॅमेज कमी करू नका, एवढंच सांगायला आलो. समजा हेल्थ २००, शॉटगनचे १२ छर्रे, प्रत्येकी ९ डॅमेज. एक फैर १०८, दोन फैरींत माणूस आडवा. आता ९ चे ८ केले: फैर ९६, दोन फैरी १९२, म्हणजे तिसरी लागते. दोन फैरींमध्ये ०.८ सेकंद धरा. मारायला लागणारा वेळ ०.८ वरून १.६ सेकंदांवर गेला. कागदावर ११ टक्क्यांची कपात, मैदानात दुप्पट वेळ. मग वरच्या रँकमध्ये जी थोडीफार दिसते तीही गायब.

त्याऐवजी प्रत्येक मृत्यूबरोबर तीन गोष्टी लॉग करा: अंतर, मारणारा समोर होता की पाठीमागे, आणि पहिला फटका ते मृत्यू यातला वेळ. खालच्या रँकमध्ये बहुतेक मृत्यू चारपाच मीटरच्या आत आणि पाठीमागून होत असतील, तर तक्रार डॅमेजची नाही, ती जवळ आलेली कळत नाही याची आहे. तिच्या झेपेला ठळक आवाज द्या, झेपेनंतर पहिली फैर ०.३ सेकंद उशिरा सुटू द्या. वरच्यांना पावलांचा अंदाज आधीच असतो, त्यांना आवाजाने फारसा फरक पडत नाही. मग त्यांच्यासाठी कौशल्याला फळ देणारं काहीतरी वाढवा, उदाहरणार्थ सगळे छर्रे लागले तर एक काडतूस परत.

पिंग_१८०
आकड्यांवर सगळं सोपवणं मला पटत नाही. ४८ टक्के विन रेटचं कॅरेक्टरसुद्धा लोकांना खेळ सोडायला लावू शकतं. स्टन, अदृश्य होणं, एका फटक्यात मारणं ही नेहमीची उदाहरणं. त्यामुळे खालच्यांचा वैताग हीसुद्धा माहितीच आहे. फक्त त्यांनी सुचवलेला उपाय बाजूला ठेवा, ‘कशामुळे मेलात, तेव्हा काय करता आलं असतं असं वाटतं’ एवढंच विचारा. वरच्यांना वेगळा प्रश्न: ‘तिच्याऐवजी कोणाला घेता, आणि का?’

प्रत्येक अभिप्रायासोबत रँक, मुख्य कॅरेक्टर, प्लॅटफॉर्म आणि पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) आपोआप जोडलं गेलं पाहिजे. १५० मिलिसेकंदांवर खेळणाऱ्याला जवळची शॉटगन वेगळीच भासते. भिंतीआड पोचल्यावर मेल्यासारखं दिसतं. ती तक्रार नेटकोडची (नेटवरून खेळ जुळवून दाखवणाऱ्या कोडची), बॅलन्सची नाही. आणि जो फक्त तीच खेळतो, त्याने मागितलेला बफ म्हणजे पगारवाढीचा अर्ज. (टिअर लिस्टचे, म्हणजे कॅरेक्टरांची क्रमवारी लावणारे, व्हिडिओ बघून पॅच, म्हणजे गेममधले बदल, काढणाऱ्या टीमही असतात, त्यांचं भलं होवो.)

डिस्कॉर्डवर नसलेला एक गट राहिला: गप्प निघून गेलेले. त्यांच्या शेवटच्या पाच मॅच काढा. हरल्यावर लोक तसेही जातात, तेव्हा तुलना तिच्याकडून हरून गेलेले विरुद्ध इतरांकडून हरून गेलेले अशीच करा.

मधली_लेन
मृत्यूचं अंतर आत्ताही लॉग होतं, दिशा नाही. ती जोडतो. बदल केल्यावर किती थांबायचं?

आकडेमोड
दिवस मोजू नका, मॅच मोजा. १००० मॅचमध्ये विन रेटची चूक साधारण ±३ टक्के, १०,००० मध्ये ±१. तुम्ही शोधताय तो फरकच अडीच टक्क्यांचा, त्यामुळे प्रत्येक रँक गटात १०,००० झाल्याशिवाय निकाल देऊ नका. वरच्या रँकमध्ये इतक्या मॅच होणारच नाहीत, तिथे दहावीस मॅचचे रिप्ले बसून बघावे लागतील. पॅचनंतरचे पहिले काही दिवस वगळा, तेव्हा सगळेच नवं खेळणं हाताळत असतात. आवाज आणि ०.३ सेकंदांचा उशीर एकाच पॅचमध्ये टाकू नका, नाहीतर कशाचा परिणाम झाला ते कळणार नाही. आधी आवाज.