प्रबंधात गावाचं खरं नाव घालावं का?

खानापूरची लेक
समाजशास्त्रात पीएच.डी. करतेय. क्षेत्रकार्य बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, माझ्या आजोळी. सीमाप्रश्नामुळं घरातले शाळा, सोयरीक आणि नोकरीचे निर्णय कसे बदलले, हा विषय. मार्गदर्शक म्हणतात, गावाला टोपणनाव द्या, तसाच रिवाज आहे. मला ते पटत नाही. माणसांची नावं बदलावीतच, पण गावाचं नाव पुसू नये.

१९५६ पासून ही गावं म्हणजे महाराष्ट्राच्या दाव्यातल्या ८६५ पैकी एक, एवढीच नोंद. पोराला कन्नड शाळेत घातलं तर रात्री जेवताना घरात काय बोलणं होतं, ते कुठल्या यादीत नसतं. ते लिहायचं आणि गावच गाळायचं? वीस वर्षांनी कुणाला इथंच येऊन तुलना करायची झाली तर तो जाणार कुठं? समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांनी १९४८ साली ज्या गावात राहून अभ्यास केला त्याला 'रामपुरा' म्हटलं. ते म्हैसूरकडचं कोडगहळ्ळी हे आज अभ्यासकांना ठाऊक आहेच. उलट गम्पर्झ आणि विल्सन या भाषा-अभ्यासकांनी १९७१ साली सांगलीजवळच्या कुपवाडबद्दल नाव घेऊन लिहिलं. शेजारी नांदून मराठी, कन्नड, उर्दूची व्याकरणं कशी जवळ आली, हे शिकवताना आजही कुपवाडच सांगतात.

निपाणीकर
ताई, कुपवाडचं उदाहरण इथं लागू नाही. क्रियापदं कशी चालतात हे छापल्यानं कुणाच्या दारात पोलीस येत नाहीत. तुमचा प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढणार, गावाचं नाव टाकलं की मोबाईलवर उघडणार. 'गावातलं एकुलतं एक कुंभाराचं घर' असं एकदा लिहिलंत की माणसाचं नाव बदलून काय उपयोग? थोरला १ नोव्हेंबरला, सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधात निघणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीत गेला म्हणून त्याच्यावर गुन्हा, धाकटी कन्नड माध्यमात शिकून सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसलेली. अशी घरं आपल्याकडं आहेत. तुम्हाला ते घर म्हणजे प्रबंधाचं सोनं वाटेल, पण किंमत त्या पोरीनं मोजायची.

खानापूरची लेक
त्यावर उपाय घराचा तपशील बदलणं हा आहे. धंदा बदलता येतो, भावंडांची संख्या बदलता येते. मुलाखत झाल्यावर एका आजींनी ट्रंकेतून शाळेचा दाखला काढला. घडीवर फाटलेला, वर 'मुंबई राज्य' छापलेलं. म्हणाल्या, "आमच्या गावाचं नाव येणार न्हवं त्यात?" त्यांना काय सांगू?

सौंदत्ती रोड
आजी हो म्हणाल्या. त्यांच्या सुनेला विचारलंत का? मी यल्लम्माच्या परिसरात देवदासी बायांसोबत काम केलंय. देवाला मुली सोडण्यावर कर्नाटकात १९८२ च्या कायद्यानं बंदी आली, तरी त्या बायांच्या मुलींची स्थळं आजही गावाच्या नावावरून मोडतात. एकीनं "लिही माझं नाव" म्हटलं, तर दुसरीनं माझी वहीच मिटवली. गावाची संमती असा प्रकारच नसतो. प्रत्येकाची वेगळी असते, आणि जी गप्प बसते तिची तर नसतेच.

हलशीचा शेतकरी
नाव घाला नाहीतर नका घालू, पण प्रबंध मराठीत करून वाचनालयात ठेवा. आमच्याकडं येऊन चहा पिऊन माहिती नेलेल्यांनी कागद दाखवलेला मला आठवत नाही.

खानापूरची लेक
मराठी प्रत ठेवणार, हे पक्कं. गावाचा इतिहास आणि भाषा यांची प्रकरणं खऱ्या नावानं, शाळा-नोकरीची प्रकरणं फक्त तालुक्याच्या नावानं, असं मार्गदर्शकांपुढं मांडते. त्याआधी मसुदा गावात वाचून दाखवीन, बायकांना वेगळा. सुनेनं नको म्हटलं तर तिच्या घरचं सगळं काढून टाकीन.

निपाणीकर
एका प्रकरणात गाव आणि दुसऱ्यात तालुका, हे जोडायला गावातल्या पोराला दोन मिनिटं पुरतील. वाचून दाखवायचं ठरवलंत ते चांगलं. पण नावाच्या बाबतीत मी मार्गदर्शकांच्याच बाजूचा.