चौरसातून गोल: लॉफ्ट पिळतोय आणि फ्लॅट पॅटर्नही निघत नाही

डक्टकाम_मकरपुरा
बडोद्यात जीआयडीसीतलं (औद्योगिक वसाहत) डक्टचं, म्हणजे हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळीचं काम आहे; चौरस तोंड गोल तोंडाला जोडणारा तुकडा करायचाय. खाली ४०० × ४०० चौरस, वर ३०० व्यास, उंची ३५०, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा १.२, सगळी मापं मिमीत. सॉलिडवर्क्स या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये दोन स्केच काढून लॉफ्ट मारला (एका आकारातून दुसऱ्यात जाणारं अंग), तर अंग पिळतं आणि एका कोपऱ्याशी सुरकुती येते. सपाट उलगडतही नाही, म्हणजे फ्लॅट पॅटर्न मिळत नाही. लेझरने कापणाऱ्याला डीएक्सएफ (सपाट आराखड्याची फाइल) द्यायची आहे.

स्केचबहाद्दर
चौरसाला चार कोपरे आहेत, वर्तुळाला एकही नाही. कुठला बिंदू कुठे जोडायचा हे सॉफ्टवेअर मग स्वतःच ठरवतं. स्प्लिट एन्टिटीजने वर्तुळ ४५, १३५, २२५ आणि ३१५ अंशांवर तोडा. प्रोफाइल (लॉफ्टची दोन टोकांची स्केच) निवडताना दोन्हीकडे एकाच कोपऱ्याजवळ क्लिक करा. तरी पिळलं तर लॉफ्टवर राइट क्लिक, शो ऑल कनेक्टर्स, आणि हिरवे ठिपके ओढून समोरासमोर आणा.

पत्रेवाला
पीळ जाईल, पण पत्र्याचं काम त्यानं होणार नाही. ४५ अंशांवर तोडलेल्या लॉफ्टमध्ये चौरसाची सरळ बाजू थेट कमानीला जुळते आणि पृष्ठ दोन्ही दिशांनी वाकतं. पत्रा न ताणता तसा वळत नाही, म्हणूनच उलगडत नाही.

खरा आकार म्हणजे चार सपाट त्रिकोण आणि त्यांच्यामध्ये चार तिरप्या शंकूंचे तुकडे. त्रिकोणाचा पाया चौरसाची बाजू, टोक वर्तुळावर त्या बाजूच्या मध्यासमोर. त्यामुळे वर्तुळ ०, ९०, १८०, २७० वर तोडायचं. शंकूचं टोक चौरसाच्या कोपऱ्यात.

तुमच्या मापांना त्रिकोणाची तिरपी उंची ३५३.६, कड ४०६.२. पाव वर्तुळाचे तीन भाग केले तर कोपऱ्यापासूनच्या रेषा ४०६.२, ३७८.२, ३७८.२, ४०६.२.

इथे हमखास चूक होते: डेव्हलपमेंटमध्ये (सपाट आराखडा काढताना) कमानीऐवजी जीवा, म्हणजे दोन बिंदूंमधली सरळ रेषा, धरतात. तीन भागांत जीवा ७७.६५, कमान ७८.५४. पूर्ण वर्तुळाच्या बारा भागांत १०.७ मिमी कमी पडतात, आणि तोंड गोल वळवलं की व्यास जेमतेम २९६.६ भरतो. फ्लॅंज (तोंडावरची जोडकडी) मग बसत नाही. पाव वर्तुळाचे सहा भाग केले तर तूट २.७ मिमीवर येते.

डक्टकाम_मकरपुरा
मॉडेल कसं करू? सगळं एकाच लॉफ्टमध्ये येईल का?

पत्रेवाला
नाही. एक त्रिकोण प्लेनर सरफेसने आणि एक कोपरा सरफेस लॉफ्टने करा. लॉफ्टचा एक प्रोफाइल कोपऱ्याचा बिंदू, दुसरा पाव कमान. मग मध्याभोवती पॅटर्न करून (चार प्रती फिरवून) निट करा, म्हणजे एकत्र जोडा.

शीट मेटलचं लॉफ्टेड बेंड वापरणार असाल तर प्रोफाइल उघडे लागतात, बंद चौरस चालत नाही. अर्धा-अर्धा भाग काढा आणि चौरसाच्या कोपऱ्यांना छोटा फिलेट (गोलाई) द्या. जोड त्रिकोणाच्या मध्यरेषेवर ठेवा, कोपऱ्यात नको. कोपऱ्यातच बेंड असतात, वेल्ड केल्यावर अंग ओढलं जातं.

स्केचबहाद्दर
मान्य, माझा उपाय फक्त घन आकारापुरता. एक विचारायचं राहिलं: ३०० हा व्यास आतला की बाहेरचा?

डक्टकाम_मकरपुरा
आतला. ४०० पण आतलंच.

पत्रेवाला
मग पत्र्याच्या मध्यावर ३०१.२ आणि ४०१.२ धरून सगळी लांबी पुन्हा काढा. गोल तोंडाचा परीघ त्यानं ३.८ मिमी वाढतो. डीएक्सएफ पाठवण्याआधी अर्धा भाग १:५ मध्ये जाड कागदावर दोनदा छापून, कापून, वळवून बघा. दोन तुकड्यांच्या कडा जुळल्या नाहीत तर चूक तिथेच सापडेल, पत्रा वाया जाणार नाही.