हिऱ्यांचा बाजार भरायचा, म्हणून विजयनगरची रयत सुखी?

तुंगाकाठ: काल इथे कुणीतरी लिहिलं, "विजयनगरात हिरे-माणकं भर रस्त्यात विकत, म्हणजे प्रजा सुखीच." वाचून राहवलं नाही. पोर्तुगीज प्रवासी पाएसने १५२० च्या सुमारास, कृष्णदेवरायाच्या काळात, पाहिली ती फक्त राजधानी, खेडी नव्हेत. दुसरा पोर्तुगीज नूनिझ लिहितो, रयत पिकाच्या १० पैकी ९ हिस्से नायकांच्या, म्हणजे राजाच्या सरदारांच्या, घशात घालायची. १४२९ मध्ये तर कावेरीकाठी वलंगै आणि इडंगै हे जातींचे दोन गट ('उजवा हात' आणि 'डावा हात'), एरवी एकमेकांच्या उरावर बसणारे, एक झाले आणि अन्यायाचा कर देणार नाही असं त्यांनी दगडावर कोरलं.

हंपीवेडा: नूनिझ घोड्यांचा व्यापारी, त्याला शेतसाऱ्यातलं काय कळणार? ९ हिस्से गेल्यावर माणूस जगेल का? आणि १४२९ म्हणजे कृष्णदेवरायाच्या ८० वर्षं आधी! विजयनगरच्या काळातला हंपीचा तुरुत्तू कालवा आजही वाहतोय. त्या पाटात पाय सोडून बसलोय मी, दोन्ही बाजूंना केळी. तिथला बागवाला म्हणाला, "आमच्या आज्यालाही हेच पाणी होतं."

तुंगाकाठ: कालव्यांचं श्रेय एकट्या राजाला नको. तिरुपतीला कुणी रक्कम ठेवली की देऊळ ती गावच्या तळ्या-कालव्यांना लावायचं. वाढलेल्या पिकातून नैवेद्य, आणि प्रसादाचा चौथा हिस्सा देणगीदाराला. तो विकताही यायचा.

माळकरी: देवळांचं निघालंच आहे तर हंपीच्या विठ्ठलाचं बोला. राजाने हंपीला नेलेली मूर्ती संत भानुदासांनी पंढरीला परत आणली, हे कुणीच कसं लिहीत नाही?

हंपीवेडा: ती श्रद्धा आहे, पुरावा नव्हे. भानुदासांनंतर, पुढचा राजा सदाशिवराय याच्या काळातही त्या देवळाला दानं मिळाल्याचे लेख आहेत. रिकाम्या गाभाऱ्याला दान कोण देतं?

माळकरी: म्हणजे आमची आजी खोटं सांगायची? पाय गेल्यावर वारी सुटली, तरी एकादशीला उंबऱ्यात बसून ही कथा सांगताना रडायची. तुमचे लेख तुमच्यापाशी ठेवा.

हंपीवेडा: आजींना खोटं कोण म्हणालं? शब्द तोंडात घालू नका.

तुंगाकाठ: अहो, भांडण रयतेचं होतं! बरं, नूनिझचा आकडा फुगलेला असेल, सोडला. लग्नावरचा कर पुढे काही प्रांतांत माफ झाला, हेही मान्य.

हंपीवेडा: मग राजाला कणव होती, एवढं तरी म्हणा.

तुंगाकाठ: नाही म्हणणार. तुमचाच पाएस सांगतो, तलावाच्या कामावर १५-२० हजार माणसं मुंग्यांसारखी दिसत होती, पायाखालची जमीन दिसेना. बांध पुन्हापुन्हा फुटला तेव्हा ६० माणसांचे बळी दिले, हेही तोच लिहितो. त्या ६० जणांच्या घरी कणव पोचली का, ते सांगा.