लेक एमएसला चालली, लसीकरणाचं कार्ड नाही. काय करावं?

वसमतकर
नमस्कार मंडळी. लेकीचं 10 ऑगस्टचं टेक्सासचं तिकीट काढलंय. आता विद्यापीठानं लसींचा फॉर्म पाठवलाय: एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) दोन डोस, मेनिन्जायटिसची (मेंदूच्या आवरणाची सूज) लस, टीबीची तपासणी. जन्म 2004 चा, सगळ्या लसी गावच्या अंगणवाडीत झाल्या. कार्ड घर बदलताना गहाळ झालं. 2018 ला शाळेत गोवर-रुबेलाची सुई दिली होती, हे पक्कं आठवतं. ती एक धरून अजून एकच घ्यावी का? तिची आई म्हणते, झालेलं परत कशाला टोचायचं लेकराला.

निवृत्त आरोग्यसेविका, परभणी
दादा, ती सुई आम्हीच दिली. 27 नोव्हेंबर 2018 ला मोहीम सुरू झाली, 9 महिने ते 15 वर्षांची सगळी लेकरं. पण त्या लशीत गालगुंड नव्हतं, फक्त गोवर आणि रुबेला. अंगणवाडीतली गोवरची लस नवव्या महिन्यातली. तिकडे पहिल्या वाढदिवसानंतरचा डोसच धरतात. म्हणजे कार्ड सापडलं असतं तरी फॉर्म भरला नसता. शोधाशोध सोडा, एमएमआरचे दोन्ही डोस नव्याने घ्या. मधे किमान 28 दिवस.

काहीजण रक्तातली प्रतिकारशक्ती तपासा म्हणतील. बहुतेक ठिकाणी तो रिपोर्ट चालतो, पण गालगुंडाची निगेटिव्ह आली की पुन्हा सुईच, आणि तेवढे दिवस वाया. तुमच्याकडे वेळ कमी आहे.

आता नीट वाचा, इथंच लोक अडकतात. लेकीला लहानपणी बीसीजी, म्हणजे टीबीची लस, दिलेली असणार, डाव्या दंडावर व्रण बघा. त्यामुळे टीबीची कातडीवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. विद्यापीठाला चालत असेल तर रक्ताची, इग्रा नावाची चाचणी करा. ते रक्त एमएमआरच्या आधी किंवा त्याच दिवशी द्यायचं. सुई आधी झाली तर चार आठवडे थांबावं लागतं.

ताईंना सांगा, जास्तीच्या डोसानं अपाय नाही. आठवड्याभरानं थोडा ताप किंवा बारीक पुरळ येऊ शकतं. मोहिमेत आया हेच विचारायच्या. विचारावंच, लेकरू आपलं असतं.

नांदेडचा पोरगा, सध्या ह्यूस्टन
काका, टेक्सासात 22 वर्षांखालच्या विद्यार्थ्याला मेनिन्जायटिसची लस कायद्यानंच लागते. डोस मागच्या पाच वर्षांतला आणि वर्ग सुरू होण्याच्या किमान 10 दिवस आधीचा हवा. तिला 22 पूर्ण झाली असतील तर विद्यापीठाला मेल करून विचारा. ही लस सगळीकडे नसते, नांदेडच्या बालरोगतज्ज्ञांना आधी फोन करा.

प्रमाणपत्र इंग्रजीत, डॉक्टरांच्या लेटरहेडवर, सही-शिक्का आणि नोंदणी क्रमांकासह घ्या. नाव पासपोर्टवर आहे तस्संच. तारखेत महिना अक्षरात लिहायला लावा. 5/8 लिहिलं तर इथं ते 8 मे वाचतात.

वसमतकर
सिस्टर, उद्या 3 जुलैला नांदेडला निघतो. आधी रक्त, मग सुई. दुसरा डोस विमानाच्या आधी बसतो ना?

निवृत्त आरोग्यसेविका, परभणी
बसतो. 31 जुलै धरा, त्याच्या आधी घेऊ नका. आणि टीबीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर घाबरू नका, छातीचा एक्स-रे काढून डॉक्टरांना दाखवा. लस कुठं मिळाली ते इथं टाका, हिंगोलीचे अजून दोघे विचारत होते.